दर्याचा भांग

अंबिका घरत लेखिका आहे, हे तिच्या भाईंदरच्या इमारतीत कुणाला ठाऊक नव्हतं. ती दिवसभर घरी असते, हे मात्र झाडून सगळ्यांना ठाऊक होतं. त्यामुळे अख्ख्या विंगची पार्सलं तिच्याकडे यायची. कुणाचा मिक्सर, कुणाच्या चपला, आणि वरच्या मजल्यावरच्या जिग्नाबेनचे न संपणारे ड्रेस. "आप तो घर पे ही होते हो ना," असं म्हणून जिग्नाबेन इतकं गोड हसायची की नाही म्हणायची सोय नव्हती. अंबिका बिचारी एखाद्या परक्या ग्रहावर वादळ उठवत असायची, आणि नेमकी तेव्हाच बेल वाजायची. दार उघडलं की डिलिव्हरीवाला ओटीपी मागत उभा.

एका ऑडिओ ॲपसाठी ती गोष्टी लिहायची. अद्भुत आणि विज्ञानकथा. लोक कानात बोंडं खुपसून कामं करता करता ज्या ऐकतात, त्या. नोकरी नाही, ऑफिस नाही. भाग लिहून द्यायचा, पसंत पडला तर पुढचा लिहायचा. आधी ती भाईंदरच्याच एका क्लासमध्ये मुलांना विज्ञान शिकवायची. तिचा नवरा अमोल लिफ्टच्या देखभालीचं काम करतो. कुणी विचारलं की तो सांगायचा, "ती लिहिते." पुढचा प्रश्न ठरलेला, "काय, अकाउंट?"

पहिली काही वर्षं अंबिकानं लांडगे लिहिले. हे लांडगे दिवसा कंपन्यांचे मालक असत आणि पौर्णिमेला अंगावर केस उगवून केकाटत. त्यांची लग्नं गरीब पण स्वाभिमानी मुलींशीच होत आणि तीही कराराने. साचा ॲपकडूनच यायचा. कितव्या भागात थप्पड, कितव्या भागात मिठी, शेवटी कुणीतरी दार ढकलून आत यायचं आणि भाग तिथेच तोडायचा. अंबिका मुकाट्यानं साचा भरायची. लेखक म्हणून नाव यायचं ते 'टीम'. एकदा तिनं लांडग्याला सहज खाडीकाठी फिरायला नेलं, तर संपादकानं त्याला उचलून पुन्हा पंचतारांकित हॉटेलात नेऊन ठेवलं. तिनं तेही सोसलं. पण मनातून तिला त्या लांडग्यांचा मनस्वी कंटाळा आला होता, आणि त्याहून जास्त स्वतःचा.

कारण तिच्याकडे स्वतःची एक गोष्ट होती. लहानपणापासून होती.

अंबिका भाईंदरजवळच्याच मुर्धा गावची. बाप होडीवर जायचा, आई गोदूबाई मासळी विकायची. आई सकाळी ओट्यावर बसून पोरीची वेणी घालायची. एका सकाळी बाप घरातच लोळत होता, म्हणून पोरीनं विचारलं, बाबा का नाही गेला? आई म्हणाली, "आज भांग हाय गो. दर्याला भांग लागलाय. तुजा बापूस घरानच र्‍हानार."

पौर्णिमेला, अमावस्येला समुद्राला उधाण येतं, ते सगळ्यांना ठाऊक असतं. अष्टमीच्या आसपास उलटं होतं. भरती जेमतेम, ओहोटी जेमतेम, पाण्याला ओढच नसते, मग जाळ्यात मासळी कुठून यायची? त्या सुस्त दिवसांना दर्यावरची माणसं भांग म्हणतात. पण त्या वेळी आईच्या हातात फणी होती आणि फणीचं टोक नेमकं पोरीच्या डोक्यावरून सरळ रेघ ओढत मागे चाललं होतं. पोरीला वाटलं, कुणीतरी आज समुद्राचाही भांग पाडलाय. पाणी इकडे अर्धं, तिकडे अर्धं, आणि मधून पार क्षितिजापर्यंत सरळ, पांढरी वाट. अर्धी वेणी तशीच सोडून ती खाडीकडे पळाली. तिथे चिखल होता आणि चिखलात उड्या मारणाऱ्या निवट्या होत्या. वाट कुठेच नव्हती. ती भोकाड पसरून रडली आणि सगळी आळी हसली.

पुढे शिकून ती फळ्यावर चंद्र-सूर्याचे काटकोन काढून भरतीचं गणित शिकवू लागली, तरी ती वाट काही तिच्या डोक्यातून गेली नाही. तिनं त्या वाटेसाठी ग्रहच नवा काढला. त्या ग्रहाला दोन चंद्र. एक उभा ओढायचा, एक आडवा, आणि दोघांची ओढाताण नेमकी जुळली की दर्या मधोमध दुभंगायचा. एरवी वैरी असलेली बेटं तेवढे दिवस त्या वाटेवर बाजार भरवायची, सोयरिकी जुळवायची. पाणी पुन्हा मिटायच्या आत घरी परतायचं, हा नियम. त्या दिवसांना बेटावरची माणसं काय म्हणणार? भांगच म्हणणार. गोष्टीचं नाव होतं 'दोन चंद्रांचा दर्या', आणि खाली पहिल्यांदाच लिहिलं होतं, लेखिका अंबिका घरत.

ॲपनं ती घेतली, पण हातचं राखून. अंधेरीच्या ऑफिसातला संपादक स्वप्नील वयानं तिच्याहून बराच लहान, स्वभावानं चांगला, फक्त वरच्यांना टरकून असायचा. तो म्हणाला, "मॅम, मला पर्सनली आवडलंय. पण महिनाअखेरीला बघणार आहेत. लोक ऐकतायत असं दिसलं तर कंटिन्यू, नाहीतर दोन एपिसोडमध्ये गुंडाळायचं. आणि लांडग्याचा पुढचा सीझन तुमच्यासाठी ठेवलाच आहे."

गुंडाळायचं म्हणजे काय, ते अंबिकाला कळत होतं. भूकंप आणायचा, सगळी बेटं बुडवायची आणि 'समाप्त' लिहायचं. इतकी वर्षं सांभाळलेला दर्या दोन भागांत बुडवायचा आणि पुन्हा लांडग्याच्या दावणीला जाऊन उभं राहायचं. ती मान खाली घालून कामाला लागली. लेक सान्वी शाळेत गेली, कुकरच्या शिट्या झाल्या की जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडायची. मधे मधे जिग्नाबेनचे ड्रेस यायचे.

आणि महिना अर्धा सरतो न सरतो तोच स्वप्नीलचा फोन आला.

"मॅम, एक इश्यू झालाय. सिस्टिमनं नवीन एपिसोड होल्ड केलेत. नशेच्या पदार्थांचा उल्लेख आहे म्हणून."

"माझ्या गोष्टीत नशा? अरे, तिथे चहासुद्धा पीत नाहीत!"

"ऐका ना, मी वाचतो. 'सारी बेटं भांगाची वाट पाहत होती.' 'भांग लागला तसे म्हातारेकोतारेही नाचू लागले.' 'राणी म्हणाली, भांगाशिवाय लग्न होणार नाही.'" स्वप्नील खाकरला. "मॅम, खरं सांगू? मलाही आधी तसंच वाटलेलं. मी म्हटलं, होळीसारखा कायतरी सण असेल त्यांचा."

स्वप्नील मूळचा नगरकडचा. त्याच्या गावच्या समुद्राला भांग लागायचा प्रश्नच नव्हता. अंबिकानं त्याला अष्टमी सांगितली, चंद्र सांगितला, बापाची होडी सांगितली. त्याला पटलं. पण ते यंत्राला कसं पटवायचं? "मॅम, तिथे माणूसच नाहीये समजावायला. शब्द बदला ना. आजच्या आज पाठवलंत तर उद्याचा एपिसोड वाचेल."

त्या दिवशी सान्वीच्या शाळेत पालकांची मीटिंग होती. अंबिका एका पायात चप्पल घालून उभी होती. 'मंदभरती' असा एक शब्द तिला सुचला. पाठ्यपुस्तकात शोभेल असा, चव ना ढव. तिनं लॅपटॉपवर 'भांग' शोधायला सांगितलं, त्या जागी 'मंदभरती' घालायला सांगितलं, एक बटण दाबलं, फाईल पाठवली आणि रिक्षा पकडली.

आता, मराठीत भांग समुद्राला लागतो, तसाच तो केसांचाही पाडतात. पोरीचा दोन्हींत घोटाळा झाला होता तो याच्यामुळेच, आणि त्याच पोरीनं मोठेपणी घाईत हे विसरावं! पण विसरली खरी.

दुसऱ्या दिवशी भाग लागला. गोष्ट वाचणारी संजना आवाजाची फार गुणी मुलगी. समोर येईल ते, व्याकरण तेवढं सावरून, जीव ओतून वाचायची. तिनं तितक्याच भावपूर्ण आवाजात वाचलं, "विरहानं व्याकूळ राणी आरशासमोर बसली. तिनं केसांची मंदभरती पाडली. मग थरथरत्या बोटांनी मंदभरतीत कुंकू भरलं."

संध्याकाळपर्यंत त्या दोन वाक्यांचे रील निघाले. मुली आरशासमोर बसून मंदभरती पाडू लागल्या. एका टकल्या गृहस्थानं तर 'आमची कायमची ओहोटी' म्हणून स्वतःचं डोकं दाखवलं. अमोल ते बघून खो खो हसला आणि बायकोचं तोंड बघून गप्प झाला. "अगं, लोक ऐकतायत तरी," तो म्हणाला.

"हसायला ऐकतायत," अंबिका म्हणाली आणि तिला रडू फुटलं. लांडग्यांवर कुणी हसलं असतं तर तिनं टाळी दिली असती. पण हा तिचा दर्या होता, खाली तिचं नाव होतं. आयुष्यात पहिल्यांदा नाव लागलं आणि ते असं. स्वप्नीलनं चूक दुरुस्त करून घेतली, तोंडभरून माफी मागितली आणि शेवटी हळूच म्हणाला, "मॅम, वरचे म्हणतायत, ही सिरियस गोष्ट राहिली नाही आता. गुंडाळायची तयारी ठेवा."

रविवारी ती सान्वीला घेऊन मुर्ध्याला आईकडे गेली. गोदूबाई आता थकली होती. पण नात आली की ओट्यावर बसवून वेणी घातल्याशिवाय तिला चैन पडत नसे. समोरच्या शेतात टॉवर उभे राहिले होते. त्यांच्या मधल्या फटीतून खाडीचा एक तुकडा अजून दिसायचा. आईनं सान्वीच्या केसांचा रबर दातांत धरला होता आणि फणी चालवत होती. अंबिकाला बोलायला काही सुचेना, म्हणून तिनं नेहमीचंच विचारलं, "आई, आज दर्या कसा हाय?"

गोदूबाईच्या तोंडात रबर. तिनं फक्त सान्वीच्या डोक्यावरून, कपाळापासून मागे, एक बोट सरळ ओढलं आणि भुवया उडवल्या. म्हणजे भांग.

अंबिका बघतच राहिली. "आई, परत कर."

आईनं रबर काढला. "काय परत करू?"

"ते बोट."

"येरी झालीस काय गो?" गोदूबाई म्हणाली. पण लेकीचा चेहरा बघून तिनं ते पुन्हा केलं. सान्वीला गुदगुल्या झाल्या.

घरी येताच अंबिकानं लॅपटॉप उघडला. बेल वाजली तरी उठली नाही. अमोलनं जिग्नाबेनचं पार्सल घेतलं. तिनं लिहिलं की दूरच्या चंद्रावरून एक मोठा अधिकारी ग्रहावर उतरतो. त्याला दर्याचं काही कळत नाही, शब्दांचं मात्र सगळं कळतं असं त्याला वाटतं. बेटावरचा एक जुना शब्द त्याला वाईट वाटतो. तो फर्मान काढतो, हा शब्द आजपासून बंद, यापुढे सर्वांनी 'मंदभरती' म्हणावं. माणसं हो म्हणतात आणि फर्मान तंतोतंत पाळतात. राणी भर दरबारात दासीला सांगते, "माझ्या केसांची मंदभरती पाड, जरा डावीकडून पाड." दरबार हसून लोळतो. अधिकाऱ्याला लोक का हसतात तेच कळत नाही. जगानं जे हसं केलं होतं, ते अंबिकानं उचलून आपल्या कामाला लावलं. लिहिता लिहिता ती स्वतःच हसत होती.

मग हसणं थांबतं. पाणी ओसरायला लागलेलं असतं, वाट उघडणार असते, आणि पलीकडच्या बेटाला ते कळवायला हवं असतं. शब्द उच्चारला तर जीभ छाटतील. तेव्हा किनाऱ्यावर बसलेली एक म्हातारी काही न बोलता आपल्या डोक्यावरून एक बोट मागे नेते. शेजारची बाई ते बघते आणि तीही तसंच करते. मग तिसरी. होडीहोडीतून, बेटाबेटांवरून बोटं फिरत जातात, आणि शब्द न उच्चारता सगळ्या ग्रहाला कळतं. पूर्ण भागात तो शब्द एकदाही नव्हता. यंत्रानं भाग तपासला आणि निमूटपणे सोडून दिला. त्याला बिचाऱ्याला काय कळणार!

संजनाचा फोन आला. "ताई, हे वाचताना माझ्या अंगावर काटा आला. पण बोट फिरवलेलं ऐकू कसं येणार? मी एक करून बघू?" तिनं माइकजवळ स्वतःच्या केसांतून फणी ओढली. अगदी हळू. ओली वाळू पायाखाली सरकते तसा बारीक आवाज आला. अंबिकानं फोन कानाशी आणखी घट्ट धरला.

"ताई? नको का?"

"नको काय? तेच ठेव. प्रत्येक वेळी तेच ठेव."

महिनाअखेर आली. स्वप्नील म्हणाला होता, दुपारपर्यंत कळवतो. घरात बसून तिला चैन पडेना. भूकंपाचा भाग तिनं लिहिला नव्हता. लिहायला बसली की हात चालत नव्हता. शेवटी पिशवी उचलून ती भाईंदर पश्चिमेच्या मासळी बाजारात गेली.

तिची नेहमीची मासेवाली सुलू पाटीमागे बसलेली होती. सुलू किनाऱ्यावरच्या पाली गावची. अंबिका तिच्यासाठी 'फ्लॅटवाली मॅडम', याहून ओळख नव्हती. आज पाटीत थोडीशी कोळंबी, चार बांगडे, बस्स. एका बाईनं विचारलं, "क्या मौसी, आज पापलेट नहीं?"

सुलूनं आपल्या डोक्यावरून, कपाळापासून अंबाड्यापर्यंत, एक बोट सरळ ओढलं. शेजारच्या पाटीवरच्या बाईनं ते बघितलं आणि तिनंही आपल्या डोक्यावर बोट ओढलं. मग दोघी एकदम फिसकन हसल्या. गिऱ्हाईक खांदे उडवून पुढे गेलं.

अंबिकानं पिशवी खाली ठेवली. तिनं कसंबसं विचारलं, "सुलूमावशी, हे काय होतं?"

"ते तुमाला न्हाय समजाचं मॅडम," सुलू कोळंबी चाळवत म्हणाली. "आमच्या दर्याची भाषा हाय. मोबाईलवर गोष्ट येते. होडीवर आमचं सगलं गडी ऐकतान. जालं ओढतान नि ऐकतान. तो साहेब आलाय ना वरतून, तो आमाला आमचा शबूद बोलाला देत न्हाय!" तिचा आवाज खरोखरीच चढला. "मंदभरती म्हना बोलतो. तुज्या बापाची मंदभरती!"

"छान आहे गोष्ट?"

"छान म्हंजे? ती लिवनारी आमच्याच अंगाची कोन तरी हाय. भाईरची असती तं तिला भांग कुठशी म्हाईत?" मग सुलूनं आवाज उतरवला आणि काळजीनं म्हणाली, "पन आता पुढं काय व्हतंय कोन जाने. वाट उघडली हाय, पोरा-बाया सगली मधी हान. पानी मिटाच्या आत घरा पोचली पायजेत. त्यांना बुडवू नको म्हनावं तिला."

मीच ती, असं अंबिकाच्या अगदी ओठावर आलं होतं. इतकी वर्षं 'टीम' म्हणून काढलेली बाई, तिला केवढा मोह झाला असेल! पण त्याआधीच तिला भरून आलं. डोळ्यांत पाणी घेऊन ती पाटीसमोर उभी राहिली आणि सुलू तिच्याकडे चमकून बघायला लागली.

पर्समध्ये फोन वाजला. स्वप्नील होता, आणि इतका भराभर बोलत होता की शब्द एकमेकांवर आदळत होते. "मॅम! कंटिन्यू! शेवटपर्यंत कंटिन्यू! लोक तोच एपिसोड परत परत ऐकतायत, आणि ऐकणारे कुठले माहितीय? सगळे किनाऱ्यावरचे! मॅम? तुम्ही काहीच बोलत नाही. खूश नाही का? ऐकलंत ना, लोकांना आवडलंय!"

"मला मघाशीच कळलं ते," अंबिका म्हणाली.

"मघाशी? पण मेल तर आत्ता आलाय. कुणी सांगितलं तुम्हाला?"

अंबिकानं सुलूकडे बघितलं. मग मोकळ्या हातानं, कपाळापासून मागे, आपल्याच भांगावरून तिनं एक बोट हळूच ओढलं. सुलूचा कोळंबी मोजणारा हात जागच्या जागी थांबला.

"बुडवनार न्हाय मावशी," अंबिका म्हणाली, मुर्ध्याच्या ओट्यावर बोलायची तशी. "एकालाबी न्हाय. समद्यांना घरा पोचवतंय."